प्रयोगशाळेतील वाफेची कोंडी

ब्रिटिश राजवटीतील 1923 चा बॉयलर कायदा अखेर 2025 मध्ये इतिहासजमा झाला आणि नवा कायदा आला. किरकोळ त्रुटींसाठी फौजदारी कारवाईऐवजी आर्थिक दंड, हा त्यातील बदल उद्योगजगताच्या दृष्टीने महत्त्वाचा. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी मात्र जी तरतूद बदलली नाही, तिच्याकडे पाहायला हवे. 25 लिटरपेक्षा कमी क्षमतेचा बॉयलर पूर्वीप्रमाणेच या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे.

देशातील निम्म्याहून अधिक वीज आजही कोळसा जाळून, म्हणजे वाफेवरच तयार होते. साखर कारखान्यांची बगॅसवरील सहवीजनिर्मितीही वाफेचीच. तरीही यंत्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी वाफेला भेटतो तो प्रामुख्याने तक्त्यांमध्ये आणि संगणकाच्या पडद्यावर. एका जुन्या महाविद्यालयात छोटे वाफयंत्र पाहिल्याचे आठवते. रंग ताजा, पितळी पाटी चकचकीत. पण ते शेवटचे कधी पेटवले, हे सांगू शकणारा विभागात कुणी नव्हता. तपासणी, इंधन, प्रशिक्षित माणूस आणि भीती अशी कारणे सांगितली गेली. भीती अनाठायी नव्हे. साध्या वातावरणीय दाबालाही पाण्याची वाफ सोळाशे पटींहून अधिक जागा व्यापते.

याहून गंभीर आक्षेप वेगळाच आहे. वीज केंद्रातील संच उष्णतेचा तीस टक्क्यांहून अधिक भाग उपयोगात आणतो, तर प्रयोगशाळेतल्या यंत्राला दहा टक्केही गाठणे कठीण. मग अशा अकार्यक्षम खेळण्यातून शिकायचे काय?

या प्रश्नाचे उत्तर ग्लासगो विद्यापीठात अडीचशे वर्षांपूर्वीच मिळाले आहे. तेथील पदार्थविज्ञानाच्या वर्गासाठी न्यूकोमेन इंजिनाची एक लहान प्रतिकृती होती. 1763 मध्ये ती दुरुस्तीसाठी विद्यापीठातील उपकरणे बनविणाऱ्या जेम्स वॉट याच्याकडे आली. दुरुस्तीनंतरही काही फेऱ्यांतच वाफ संपून ती बंद पडे. बॉयलर पुरेसा असताना असे का व्हावे? लहान सिलिंडरमध्ये आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त असतो. आतील वाफ निववण्यासाठी गार पाणी सोडले की भिंतीही गार होत, आणि पुढच्या फेरीची बरीचशी वाफ त्या पुन्हा तापविण्यातच खर्ची पडे. वॉटने मोजमाप केले, तेव्हा पाण्याची वाफ आपल्या वजनाच्या सुमारे सहापट पाणी उकळीला आणू शकते असे आढळले. त्याचे कारण तेथेच शिकविणाऱ्या जोसेफ ब्लॅक यांच्या सुप्त उष्णतेच्या सिद्धांतात होते. 1765 मध्ये स्वतंत्र कंडेन्सरची कल्पना सुचली, 1769 मध्ये पेटंट मिळाले. खाणींवरच्या अजस्र इंजिनांतही हीच नासाडी होती. ती ठळक केली लहान यंत्राच्या अपयशाने. संगणकीय प्रतिकृतीत नेमके हेच घडत नाही. तिथे जो तोटा आपण गृहीत धरला, तेवढाच दिसतो.

संशोधनातही छोट्या वाफेला स्थान आहे. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी 1980 च्या दशकाच्या आरंभी व्हाइट क्लिफ्स या ओपल रत्नांच्या खाणगावात सौरऊर्जेवरील वीज केंद्र उभारले. पाच मीटर व्यासाच्या 14 आरशांच्या थाळ्यांनी वाफ करायची आणि डिझेल इंजिनात फेरफार करून बनविलेले वाफइंजिन चालवायचे, अशी ती रचना. क्षमता जेमतेम 25 किलोवॅट. पुढे सौरविद्युत घटांनी वाफेची जागा घेतली हे खरे. पण ज्वलनाशिवाय मिळालेली वाफ लहान इंजिनात कशी वागते, हे तिथे कागदावर नव्हे, गावाला वीज देताना तपासले गेले.

आपल्याकडे गूळ गुऱ्हाळांच्या धुरांड्यांतून, विटभट्ट्यांतून वाया जाणारी उष्णता हा असाच अभ्यासविषय ठरू शकतो. त्यासाठी वीसेक लिटरचा बॉयलर, एक छोटे इंजिन आणि कंडेन्सरमधून येणारे पाणी मोजण्याची सोय एवढे सुरुवातीला पुरेल. अर्थात, कायद्याच्या कक्षेबाहेर असणे म्हणजे धोक्याबाहेर असणे नव्हे. सुरक्षा झडप, दरवर्षी पाण्याच्या दाबाची चाचणी आणि पेटलेल्या बॉयलरजवळ कायम एक जाणता माणूस, ही जबाबदारी मग सरकारी निरीक्षकाची न राहता विभागप्रमुखाची होते. महाविद्यालये ती घ्यायला तयार आहेत का, हा खरा प्रश्न आहे.