वेग दारापर्यंत, खोलीत नाही

दरमहा पैसे भरून घरात ब्रॉडबँड घेतलेले असते, तरी आतल्या खोलीत मुलांचा ऑनलाइन वर्ग अडखळत राहतो. शेवटी कोणीतरी वाय-फाय बंद करून मोबाइलचा डेटा सुरू करते आणि काम चुटकीसरशी होते. यावर बहुतेक घरांत एकच उपाय निघतो, तो म्हणजे जास्त वेगाचा, जास्त महागाचा प्लॅन. अनेकदा हा खर्च वाया जातो. तारेतून वेग पुरेसा येत असतो, अडचण राउटरपासून फोनपर्यंतच्या शेवटच्या काही फुटांत असते. हे ग्राहकाला आधी सांगण्याची जबाबदारी मात्र कोणी घेत नाही.

फोन वेगवान का ठरतो, हे समजून घ्यायला हवे. मोबाइल कंपन्या ज्या लहरींवर चालतात, त्या लहरींचा पट्टा त्यांनी पैसे मोजून घेतलेला असतो. २०२२च्या फाइव्ह-जी लिलावात त्यासाठी सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लागल्या. त्या पट्ट्यात इतरांना शिरकाव नाही, आणि कोणत्या फोनने कोणत्या क्षणी बोलायचे ते टॉवर ठरवतो. वाय-फायचा पट्टा सर्वांना मोकळा, परवान्याशिवाय वापरता येणारा. तिथे रांग लावणारे कोणी नाही. प्रत्येक यंत्र आधी कानोसा घेते, दुसरे कोणी बोलत असेल तर थांबते आणि शांतता मिळाली की आपले म्हणणे उरकते. चाळीतल्या सामायिक नळाचीच ही तऱ्हा. पाणी भरपूर असले तरी हंड्यांची गर्दी झाली की खोळंबा ठरलेला.

त्यातही २.४ गिगाहर्ट्झच्या जुन्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या जेमतेम ३. शेजारच्या, वरच्या, खालच्या घरांचे राउटर त्याच तिघींवर दाटी करतात. ब्लूटूथ तिथेच चालते, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनची गळतीही तिथेच खरखर करते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा ऐसपैस आहे, पण त्याच्या लहरी भिंतींपुढे लवकर दमतात. सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या दोन भिंती ओलांडताना त्यांचा जोर बराच ओसरतो. लांबच्या खोलीतला फोन मग ऐकू जावे म्हणून सावकाश बोलतो, नळ जास्त वेळ अडवतो आणि घरातल्या बाकीच्या यंत्रांनाही ताटकळत ठेवतो.

काही घरांत लहरींच्या भीतीने राउटर कपाटात कोंडलेला असतो. घरगुती राउटरची प्रक्षेपण शक्ती साधारणपणे एका वॉटपेक्षाही कमी असते आणि या लहरी क्ष-किरणांप्रमाणे पेशींतले रेणू तोडत नाहीत. कपाटामुळे आरोग्याचा फायदा काही होत नाही, वेग मात्र जातो.

प्लॅन बदलण्याआधी एक साधी तपासणी करता येते. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडावा आणि वेग मोजावा. तिथे पूर्ण वेग मिळाला, तर दोष वाय-फायचा. मग राउटर घराच्या मध्यावर, उंच आणि उघड्यावर ठेवावा. जवळच्या फोनला ५ गिगाहर्ट्झचा पट्टा द्यावा, टीव्हीला केबल जोडून वाय-फायवरची गर्दी कमी करावी. केबलवरही वेग कमी आला, तर तक्रार कंपनीकडे. पण जुन्या राउटरच्या केबलच्या खाचा अनेकदा १०० एमबीपीएसपुरत्याच असतात. तसे असेल तर ३०० एमबीपीएसचे पैसे भरून मिळणार शंभरच.

घरातल्या भिंती कंपनीने बांधलेल्या नाहीत आणि शेजाऱ्यांचे राउटरही तिच्या हातात नाहीत, हा युक्तिवाद खरा आहे. सरकारच्या २०२३च्या व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएसची जोडणी. तीही कंपनीच्या केंद्रापासूनच्या जोडणीबद्दल बोलते, आतल्या खोलीबद्दल नाही. मात्र जाहिरातीत दिसते ते पलंगावर बसून चित्रपट पाहणारे कुटुंब. विकायची खोली आणि मोजायचा दरवाजा, हा व्यवहार सरळ नाही.

म्हणून जोडणी देताना तंत्रज्ञाने दोन वेग मोजून पावतीवर लिहावेत, एक केबलवरचा आणि दुसरा सर्वांत लांबच्या खोलीतला. महाग प्लॅन सुचवण्याआधी केबलवरची तपासणी झाली का, हे विचारणे सक्तीचे असावे. नव्या घरांत बिल्डरने विजेच्या वायरसाठी भिंतीतून नळ्या टाकतानाच इंटरनेटच्या केबलसाठीही एकेक नळी खोलीखोलीत न्यावी. त्या वेळी हा खर्च किरकोळ असतो, नंतर भिंत फोडावी लागते.

ज्यांच्या घरात चार फोन आणि भरपूर डेटा आहे, ते वाय-फाय बंद करून मोकळे होतात. पण एकाच फोनवर दोन भावंडांचा अभ्यास चालतो, त्या घरात वाढीव प्लॅनचे दरमहा जाणारे दोन-तीनशे रुपये मोठे असतात. ते राउटरची जागा बदलून वाचणार असतील, तर तसे सांगणारी दोन मिनिटांची तपासणी त्या घराला मिळायलाच हवी.