फुकटचा पास्ता, 'प्रामाणिक' रिव्ह्यू

परवा गावातल्या नव्या इटालियन हॉटेलात फूड ब्लॉगर्सना जेवायला बोलावलं होतं. मीही गेलो. पिझ्झा, पास्ता, तिरामिसू, बिल शून्य. रिसोटोची पार खिचडी झालेली. सकाळी बघतो तर प्रत्येक रीलमध्ये 'अप्रतिम'! फुकट खाल्लं, हे एकानंही सांगितलं नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्येच सांगितलंय: फुकट वस्तू, भेट, सवलत घेऊन शिफारस करताय, तर ठळकपणे जाहीर करा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

आम्ही पत्रकारही पत्रकार परिषदेतली जेवणं झोडतो, मान्य. म्हणून माझ्यापासून सुरुवात: मी फुकट जेवलो.

मित्रांनो, 'जेवण हॉटेलकडून' एवढं लिहायला काय जातं? तुमची रील बघून पोराबाळांना नेणारा माणूस बिल स्वतःच्या खिशातून भरतो.