कसणाऱ्याचं नाव कागदावर कधी येणार?

मराठवाड्यात अर्धेलीचा व्यवहार बहुधा पाडव्याच्या सुमारास ठरतो. जमीन मालकाची, राबणूक बटईदाराची. बी-खताचा खर्च निम्मा-निम्मा, निघालेला मालही तसाच. सगळं तोंडी. पुढे गारपीट झाली की पंचनामा होतो बटईदाराने वाढवलेल्या पिकाचा, पण भरपाई जमा होते सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात. पीककर्जालाही सोसायटी सातबाराच मागते. मग बटईदार कृषी सेवा केंद्रात उधारी करतो आणि ती सुगीत फेडतो.

भूमिहीन किंवा अल्पभूधारक कुटुंबाला वर यायचं तर बटई ही एक पायरी आहे. ती अशी निसरडी ठेवणं अन्यायाचं आहे.

स्वतःच्या तुकड्यावर तर भागतच नाही. महाराष्ट्रात 1970-71 मध्ये सरासरी वहितीखातं 4.28 हेक्टरचं होतं, 2015-16 मध्ये ते 1.34 हेक्टरवर आलं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार 2018-19 मध्ये देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न होतं 10,218 रुपये. त्यात मजुरी-पगाराचे 4,063 आणि पिकाचे 3,798. म्हणजे ज्याला आपण शेतकरी म्हणतो, त्याचं घरही पिकापेक्षा मजुरीवर जास्त चालतं.

तरीही सरकारी मदतीचं दार सातबाराच उघडतो. पीएम-किसानचे वर्षाला 6,000 रुपये जमीनधारक कुटुंबालाच मिळतात आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे 6,000 त्याच यादीवर. दुसऱ्याची जमीन कसणारा भूमिहीन दोन्हींकडे नाही.

मालक लिहून का देत नाही? कुळाच्या धास्तीने. 1948 च्या कूळ कायद्याने आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाने असंख्य कुळं मालक झाली. ते योग्यच होतं. पण तीच आठवण आज नव्या कसणाऱ्याला कागदाबाहेर ठेवते.

आंध्र प्रदेशाने 2019 मध्ये कायदा करून यातून वाट काढली. मालकी हक्काला धक्का न लावता कसणाऱ्याशी 11 महिन्यांचा करार होतो आणि त्यावर त्याला पीककर्ज, विमा, भरपाई मागता येते. मात्र तिथे मालकाची सही लागते आणि अनेक मालक ती देत नाहीत. महाराष्ट्राने हा कच्चा दुवा टाळावा. ई-पीक पाहणी 2021 पासून सुरू आहेच. तिच्यात प्रत्यक्ष कसणाऱ्याची हंगामापुरती नोंद घ्यावी, ग्रामसभेत ती पडताळावी, त्या नोंदीतून कुळाचा हक्क निर्माण होणार नाही असं कायद्यात स्पष्ट लिहावं आणि नुकसानभरपाईतला कसणाऱ्याचा वाटा थेट त्याच्या खात्यात टाकावा.