चिलखत घातलंत, आता दस्ता आखूड करा

इंग्लंडमध्ये एअरसॉफ्ट, म्हणजे प्लास्टिकच्या गोळ्यांची लुटुपुटूची लढाई, खेळताना माझ्यासारख्या कमी उंचीच्या बाईला एक गोष्ट फार खटकते. नवे खेळाडू, त्यांत आपली मराठी मुलंही आली, सैनिकासारखं चिलखत चढवतात आणि रायफल मात्र नुसत्या टी-शर्टावर धरावी तशीच धरतात. छातीवरची पाटी आणि खांद्यावरचा जाड पट्टा दस्त्याला पुढे ढकलतात. मग हात पुरत नाही, मान ताणली जाते, तासाभरात खांदा भरून येतो.

एम-४ धाटणीच्या रायफलीचा दस्ता सरकतो. तो एक-दोन खाचा आत घ्या. खांद्याच्या टोकावर नव्हे, गळ्याकडे, पट्ट्याच्या आतल्या बाजूला टेकवा. कोपर खाली. नेम धरायची साइट जरा उंच बसवली की मानही सरळ राहते.

छाती समोर ठेवूनच उभं राहा, असं जाणते सांगतात. सैनिकासाठी ते बरोबरच, कारण त्याची पाटी गोळी अडवते. आमच्याकडे ६ मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी चिलखतावर लागली तरी खेळाडू बादच! मग सोयीसाठी थोडं तिरकं उभं राहायला काय हरकत आहे? २०१७ च्या ब्रिटिश कायद्यानं स्वयंचलित एअरसॉफ्ट बंदुकीची ताकद १.३ ज्यूलवर बांधली आहे. त्यासमोर जड पाटी कशाला? फोमची पुरते, पैसे चांगल्या गॉगलवर घाला.

आणि भाड्यानं साहित्य देणाऱ्या मैदानांनी बायकांना, किशोरांना सरकत्या दस्त्याचीच रायफल द्यायला हवी.