पोरीच्या नेमात हाक मारू नका

‘प्रेरणा’ या शब्दाचा मला अलीकडे वीट आलाय. कुणाची मुलगी ॲनिमेशन शिकायला गेली की घरचे कौतुकानं सांगतात, “मोठमोठ्या कलाकारांपासून प्रेरणा घेते हो आमची!” म्हणजे नेमकं काय घेते, हे विचारायला गेलं तर पुढं काही नाही. पोस्टर घेते, टी-शर्ट घेते, फार तर त्यांच्यासारखे मोठ्या डोळ्यांचे चेहरे काढते. आणि घरच्यांनी काय दिलं? फी भरली, टॅब्लेट घेऊन दिला. झालं आपलं कर्तव्य!

भगिनींनो, माझं भांडण त्या मुलींशी नाही. आपल्याशी आहे.

२०२५ च्या मार्चमधली गंमत आठवते का? आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर आठवडाभर ज्याचा त्याचा फोटो ‘घिबली’ होऊन येत होता. लग्नाचे, बारशाचे, पंचकल्याणकातले. मोबाइलवर एक वाक्य टाइप केलं की मिनिटभरात जपानी सिनेमातली आपण. एकीनं मला ऐकवलंसुद्धा, “आता ह्या पोरी तीन-तीन वर्षं काय शिकतात हो तिथं?”

सांगते. हायाओ मियाझाकी ह्यांच्या ‘द विंड रायझेस’ ह्या २०१३ च्या सिनेमात भूकंपानंतरच्या गर्दीचा एक तुकडा आहे. पडद्यावर जेमतेम चार सेकंद. आपण पदर सावरेपर्यंत संपला. तेवढा काढायला एइजी यामामोरी ह्या चित्रकाराला एक वर्ष तीन महिने लागले. गर्दीतल्या प्रत्येक माणसाचं चालणं वेगळं, ओझं वेगळं, घाई वेगळी. ग्रुपवर जे फिरत होतं तो ह्या कामाचा नुसता रंग होता. सव्वा वर्षाची ती बैठक कुठल्या फोटोत येणार?

अनुभवी कलाकारापासून घ्यायची असते ती ही बैठक. रेघ आपसूक येते मागनं, आली तर.

रिचर्ड विल्यम्स हे ॲनिमेशनमधलं मोठं नाव. ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ मधली हलती चित्रं त्यांच्या हाताखालची. पण त्याच्या कितीतरी आधी, पुरस्कार मिळून नाव झालेलं असताना, डिस्नेचा ‘जंगल बुक’ पाहिला आणि ह्या माणसाला वाटलं, आपल्याला अजून काही येत नाही. मग त्यांनी काय केलं? आपल्यापेक्षा वयानं मोठे, जुने जाणते कलाकार शोधले. केन हॅरिसना बरोबर घेतलं. १९७३ मध्ये आर्ट बॅबिटना लंडनच्या आपल्या स्टुडिओत शिकवायला बोलावलं आणि सहकाऱ्यांबरोबर स्वतःही विद्यार्थी होऊन बसले. मालक असून!

त्यांनीच सांगितलेली एक गोष्ट आहे. डिस्नेच्या मिल्ट काल ह्यांना त्यांनी एकदा सहज विचारलं, काम करताना तुम्ही संगीत ऐकता का? काल असे भडकले म्हणे की विचारू नका. एका वेळी एकापेक्षा जास्त गोष्टींचा विचार करण्याइतकी अक्कल मला नाही, असं त्यांचं म्हणणं. शेरखान ज्याच्या हातून उभा राहिला तो माणूस हे म्हणतो.

आणि आपल्या घरातली वीस वर्षांची पोर? तिला चित्र काढता काढता कुकरच्या शिट्ट्या मोजता आल्या पाहिजेत.

आमच्या भावकीतली एक मुलगी बाहेरगावी ॲनिमेशन शिकते. सुट्टीला बेळगावला आली की वही घेऊन आजीपुढं बसते. आजी भाकरी थापते, ही काढते. मी सहज वही बघितली तर आजी कुठंच नाही, नुसता हात, मनगट, खांदा. एकेका पानावर वीस-वीस. म्हणाली, “काकू, बघा की, हात पिठावर पडायच्या आधी जरासा वर जातो. तो वर गेला नाही तर खाली पडलेला खरा वाटत नाही.” इतकी वर्षं भाकऱ्या थापतेय मी, पण माझ्या हाताबद्दल हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सिनेमात सेकंदाला २४ चौकटी असतात. हातानं काढणारे बहुतेक वेळा एक चित्र दोन चौकटींना धरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. भाकरी थापायला अर्धं मिनिट धरा. ३६० चित्रं झाली! त्यातली निम्मी तरी फाडायची. तेवढ्यात आतनं हाक आलीच, “अगं, पाहुणे आलेत, चहा टाक. चित्र काय पळून जातंय?”

पळूनच जातं. बाराव्या चित्राशी हात कसा होता हे डोक्यात धरलेलं असतं. उठून साखर शोधली की ते गेलं.

त्याच घरात भाऊ सीईटीच्या अभ्यासाला बसला की टीव्ही बंद. पाहुणेसुद्धा हळू बोलतात.

शिकवणाऱ्या संस्थाही काही कमी नाहीत. नाव घेत नाही, पण एकीचं फीचं पत्रक मी वाचलंय. आकडा लाखांत, सॉफ्टवेअरची नावं पानभर, आणि कागद-पेन्सिलीचा तास शोधून सापडला नाही. आपल्याकडं ही परंपरा अशी सुरू झाली नव्हती. १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात डिस्नेचे क्लेअर वीक्स शिकवायला आले. त्यांच्याजवळ बसून शिकलेल्यांत राम मोहन होते, जे पुढं भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणवले गेले. हाताजवळ हात ठेवून शिकणं होतं ते. दूरदर्शनवर आपण सगळ्यांनी पाहिलेली, जाळ्यासकट उडून जाणाऱ्या पाखरांची ‘एक अनेक और एकता’ (१९७४) आठवते? तिच्या दिग्दर्शिका विजया मुळे, आपल्या मराठी बाई. चित्रं भीमसेन ह्यांची. विजयाबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. हे मुद्दाम सांगतेय, कारण “लग्नाआधी काय शिकायचं ते शिकून घे” हे वाक्य आपल्यात फार चालतं.

बाहेर बसून काढायचं म्हटलं तर त्याहून कठीण. किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ सालची. पाहुणे आले की आपण हौसेनं नेतो, मान वर करून छतातलं दगडी कमळ दाखवतो, पाच मिनिटांत बाहेर. त्या कमळाखाली एखादी मुलगी दोन तास वही घेऊन बसली तर? “एकटी काय करतेय तिथं? कुणाची गं ती?” ज्या हातांनी ते कमळ घडवलं ते तर जुन्यातले जुने गुरू. त्यांच्यापाशी पोरीला बसू द्यायला आपल्याला लाज वाटते.

नेम म्हणजे काय हे आपल्या समाजातल्या बायकांना कुणी शिकवायला नको. दर्शनाशिवाय पाणी न घेणाऱ्या आज्या घराघरात आहेत. सासूबाई सामायिकाला बसल्या की दोन घटका, ४८ मिनिटं, घरात कुणी हाक मारत नाही. दाराशी कुणी आलं तरी आपण बोटानं खूण करतो, थांबा म्हणून.

तर माझं मागणं एवढंच. ह्या सुट्टीत मुलगी घरी आली की तिलाही रोज दोन घटका द्या. दार लावू दे, कागद फाडू दे, “आज काय काढलंस, दाखव” हेही नको. आणि पाहुण्यांच्या चहाचं म्हणाल तर चहा-साखरेचे डबे कुठल्या फळीवर आहेत, हे तिच्या भावालाही दाखवून ठेवा की.