वेशीबाहेरची माती

गावाचे स्मशान एकीकडे आणि आपले दुसरीकडे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना न्यूयॉर्कची ही हकीकत फोड करून सांगायला नको. तिथल्या ट्रिनिटी चर्चने १६९७ साली आपल्या आवारात आफ्रिकी माणसांना पुरण्यास बंदी केली. गुलाम म्हणून आणलेल्या त्या माणसांनी मग वेशीबाहेर आपली माती शोधली. १७९४ पर्यंत सुमारे १५,००० जण तिथे पुरले गेले. पुढे शहर वाढले, भराव पडला, वर इमारती चढल्या. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात त्याच मॅनहॅटन बेटावर कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हाही ती माती दडपलेलीच होती.

१९९१ साली ब्रॉडवेवर सरकारी कचेरीचा पाया खणताना हाडे लागली. ४१९ जणांचे अवशेष निघाले. त्यांत जवळजवळ निम्मी लेकरे. मोठ्यांच्या हाडांवर अतोनात ओझी वाहिल्याच्या खुणा होत्या. ज्यांच्या घरात कुणी गोदीत किंवा बाजारात पोती वाहिली, त्यांना त्या खुणा वाचता येतील. एका बाईच्या कमरेला मण्यांची माळ होती. पोटाला मिळेना अशा माणसांनी ती काढून घेतली नाही, तिच्याबरोबर जाऊ दिली!

सरकारला काम उरकायचे होते. कृष्णवर्णीय समाज रस्त्यावर उतरला आणि १९९२ मध्ये खोदकाम थांबले. ३४ मजली कचेरी उभी राहिलीच, फक्त तिला जोडून होणारे बांधकाम रद्द झाले. मला विचाराल तर हा अर्धाच विजय. पण तेवढी जागा मोकळी राहिली. ऑक्टोबर २००३ मध्ये, घानात कोरलेल्या लाकडी पेट्यांतून, ते ४१९ जण तिथेच परत मातीआड झाले.

आपल्याकडे चौकाचे सुशोभीकरण म्हणजे कारंजे, रंगीत दिवे आणि उद्घाटकाच्या नावाची मोठी पाटी. चौक कुणाच्या घामावर उभा आहे, ते पाटीवर नसते. न्यूयॉर्कच्या त्या जागेवर रॉडनी लिऑन या वास्तुकाराने केलेले स्मारक २००७ साली खुले झाले. शेजारी गवताचे सात उंचवटे आहेत, त्यांखाली त्या पेट्या. मधले गोल अंगण रस्त्यापेक्षा खोल ठेवले आहे. ब्रॉडवेच्या गर्दीतून आलेल्या माणसाला तिथे पोचायचे तर खाली उतरून जावे लागते, पुरलेल्यांच्या जवळ.