बंद दाराआडची करमणूक

‘बिग बॉस मराठी’चें पर्व चालूं असलें म्हणजे हडपसरच्या कित्येक सुशिक्षित घरांत रात्रीं एक चमत्कार घडतो. जेवणें आटोपून मंडळी दूरचित्रवाणीसमोर रंगून बसतात, आणि दारावरची घंटा वाजतांच पडद्यावर बातम्या लागतात! ही चोरी कशासाठीं? ‘कार्यक्रम हीन आहे, म्हणून लाज वाटते,’ असें उत्तर मिळतें. आमच्या मतें ही लाज अस्थानीं आहे.

ऑर्वेलच्या १९४९ सालच्या कादंबरींत ‘बिग ब्रदर’ हा सर्वांवर नजर ठेवणारा सत्ताधीश होता. १९९९ सालीं हॉलंडांत तेंच नांव एका खेळाला मिळालें. २०१८ सालीं त्या खेळाचा मराठी अवतार झाला. भेद इतकाच कीं, पहारेकऱ्याची खुर्ची आतां आपल्याकडे आली आहे. कोंडलेलीं माणसें भांडतात, रडतात. आपण बडीशेप चघळीत निवाडा देतों. २०२४ सालीं बारामती तालुक्यांतील मोढवे गांवचा सूरज चव्हाण विजयी झाला. त्याच्या बोलीला दिवाणखान्यांत हंसणारे आणि पुढें त्यालाच मत देऊन उदार ठरणारे, आपल्यांत कोणीच नव्हते काय?

लाजावयाचें तर या दुहेरी सुखाला लाजावें. कार्यक्रमाला हीन म्हटल्यानें आपला हंशा उच्च ठरत नाहीं. तेव्हां पाहावयाचें तर खुशाल पाहावें, पण दार उघडें ठेवून. आणि शेजाऱ्यादेखत जें हंसूं ओठांवर येणार नाहीं, तेवढें मात्र सोडावें.